गोलांच्या आकड्यांपलीकडे

संपादक महोदय,


गेल्या अंकात एका वाचकांनी लिहिले आहे की, आक्रमक मिडफिल्डरची थोरवी गोल आणि असिस्ट यांच्या बेरजेवरून ठरवावी. हे मला अजिबात पटले नाही.

१९८६ च्या विश्वचषकाची अंतिम लढत घ्या. मेक्सिको सिटीत अर्जेंटिनाच्या मॅराडोनाने एकही गोल केला नाही. जर्मनीचा लोथार मॅथॉस सावलीसारखा त्याच्या मागे होता. पश्चिम जर्मनीने २-० ची पिछाडी भरून काढली होती आणि सामना संपायला जेमतेम सहा-सात मिनिटे उरली होती. मैदानाच्या मध्यावर मॅराडोनाभोवती जर्मन खेळाडूंचा गराडा. त्याने चेंडू थांबवलासुद्धा नाही. डाव्या पायाच्या एकाच स्पर्शात तो सहकारी बुरुचागाच्या धावेपुढे सोडला. ३-२! चेंडू पायाशी येण्याआधीच मोकळी जागा हेरलेली असणे, हीच आक्रमक मिडफिल्डरची खरी कसोटी. आकडेवारीत त्या पासची नोंद फक्त ‘एक असिस्ट’ एवढीच.

त्यातही, असिस्टच्या आधीचा, बचावफळी फोडणारा पास तर गोल किंवा असिस्टच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. २००६ मध्ये फ्रँकफर्टला विश्वचषकात फ्रान्सच्या झिदानने ब्राझीलविरुद्ध सामन्याची लय स्वतःच्या ताब्यात ठेवली होती. त्याच्या फ्री किकवर सहकारी ऑन्रीने केलेला गोल हे त्या खेळाचे एक फळ, सगळा खेळ नव्हे.

पत्रलेखकांनी तो सामना पुन्हा पाहावा, आणि चेंडू दुसऱ्याच्या पायात असताना झिदान कुठे पाहतो, तेवढेच टिपावे, ही विनंती.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर