नम्रता कोणी धरावयाची?

“नम्र व्हा, लीन व्हा” हा उपदेश आमच्या शेतकरी व बलुतेदार बांधवांनी पिढ्यान् पिढ्या ऐकला. ऐकविणारे कोण? ज्यांची मान कधी कोणापुढे वाकली नाही तेच! वाड्यापुढून जाताना जोडा हातात घ्यावा, सावकाराच्या ओसरीखाली उकिडवे बसावे, ह्यालाच नम्रता म्हणत. आम्ही हिला लाचारी म्हणतो. पोटाने आणि भीतीने लादलेली गोष्ट सद्गुण कशी होईल?

मग खरी नम्रता कोणती? ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. मरणाच्या आदल्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधला, घंगाळात पाणी घेतले आणि आपल्या शिष्यांचे पाय धुतले. त्या देशात हे काम घरच्या दासाचे. पेत्र संकोचून नको म्हणाला, तरी गुरूने आपले काम सोडले नाही. उलट, तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा असे बजावले. शिष्याने गुरूचे पाय धुतले असते तर नवल ते काय? आमच्याकडे तर पाय धुतलेले पाणी तीर्थ म्हणून पाजण्यापर्यंत मजल गेली होती! येथे वरचा खाली उतरला. ह्यातच सारे मर्म आहे.

असे उतरलेले लोक आमच्या मुलखातही झाले. जन्माने ब्राह्मण असलेले नारायण शेषाद्री १८४३ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे जालन्याकडे येऊन त्यांनी मांग बांधवांत काम केले. जालन्याजवळचे बेथेल गाव त्यांनीच वसविले. जोतीराव फुल्यांनी धर्म बदलला नाही, पण १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. नांदेडास गुरु गोविंदसिंगांनी १७०८ साली देह ठेविला. तेथल्या हुजूर साहिबात चांगला पैसेवाला मनुष्यही भाविकांचे जोडे सांभाळतो आणि लंगरात सर्वांबरोबर जमिनीवर बसून जेवतो. धर्म वेगळे, धडा एकच.

आता लातूरची आठवण. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जाड दगडी भिंतींच्या माळवदांनी हजारो माणसे गाडली. कुडाच्या झोपडीतला गरीब पुष्कळ ठिकाणी वाचला. थोरपणाची भिंत किती पक्की, हे धरणीने दाखविले. पण पुढे नवी गावे वसली तेव्हा घर कशावरून ठरले? जमिनीवरून! भूमिहीनाला व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरांवरील मालकाला ७५०. ज्याच्याजवळ काहीच नव्हते त्याच्या वाट्याला सर्वांत लहान घर आले. ही मोजपट्टी केवळ सरकारी कचेरीत होती काय? आमच्याही मनात ती होती, आणि आहे.

म्हणून, वाचकहो, दुसऱ्याला बोल लावण्यापूर्वी आपल्या घरात पाहू. भटजीपुढे ताठ उभे राहण्यास आम्ही शिकलो, हे फार चांगले झाले. परंतु सालगड्यापुढे आम्ही स्वतःच भटजी झालो नाही ना? बापाच्या वयाच्या मांगाला आमचे पोर अरे-तुरे करते, तेव्हा आम्ही त्याचा कान धरतो काय? खुरपणीच्या बायांची मजुरी आठ दिवस अडकवून, वर आपणच उपकार केल्याचा आव आणत नाही ना? घरची लक्ष्मी सर्वांना वाढून उरलेसुरले खाते, तेव्हा आमचा घास अडतो काय? चूक आपली निघाली तर गड्याला “माझे चुकले” म्हणताना आमची जीभ का जड होते?

नम्रता देवळात किंवा चर्चमध्ये हात जोडून दाखवावयाची वस्तू नव्हे. जो आपले काही बिघडवू शकत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, तेथे तिची परीक्षा होते. बांधवांनो, वरच्यापुढे लाचार होऊ नका. पण उद्या गडी शेतातून थकून आला म्हणजे आधी त्याला बसावयास घोंगडी द्या, पाण्याचा तांब्या आपल्या हाताने पुढे करा, आणि त्याची मजुरी त्याने मागण्यापूर्वी त्याच्या हाती ठेवा.