वरची पट्टी
सदर : चौकातलं वाचन

पेठ वडगावात वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की मी आधी वरची पट्टी बघतो. महापुरुष कुठले घेतले, कुठले गाळले. त्याखालच्या गोलांत पहिला नेता कोण, आणि कुणाचा गोल बोटभर मोठा. मधोमध उत्सवमूर्ती: पांढरा शर्ट, गॉगल, कानाला मोबाईल. फोटो खालून वर काढलेला, म्हणजे बघणाऱ्यानं मान वर करायची. मागं सिंह. तळाला शुभेच्छुकांची पासपोर्ट साईज डोकी. लिहिलेलं एवढंच, ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. तिकिटाची मागणी, गटाची निष्ठा, विरोधकाला इशारा हे सगळं कॅमेऱ्याचा कोन आणि चेहऱ्यांची मापं सांगतात. डिझाइन करणाऱ्या पोराला हे कुणी शिकवलेलं नसतं. पण एखाद्याचा गोल चुकून खालच्या ओळीत गेला तर फ्लेक्स रातोरात उतरेल, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

‘नुसता फोटो तर आहे’ म्हणणाऱ्यांनी मार्च 2024 आठवावा. राष्ट्रवादी 2023 मध्ये फुटली, तरी अजित पवार गटाच्या प्रचारात शरद पवारांचा चेहरा होताच. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि तो चेहरा वापरणार नाही अशी हमी न्यायालयानं मागितली. घड्याळ या चिन्हाइतकाच चेहराही मतं मागत होता.

खरं तर कोल्हापूरकडच्या माणसानं चित्राला भुलू नये. ही विद्या इथंच मुरली. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर 1925 साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट करतात, त्यात जमीन गमावणारा तरुण शेतकरी असतात व्ही. शांताराम. 1936 मध्ये त्याचाच बोलपट झाला. त्यातलं एक दृश्य चित्रपट-निर्माते जे. बी. एच. वाडियांनी पुढं आवर्जून सांगितलं: अंधूक उजेडात दुरून दिसणारी उदास झोपडी आणि कुत्र्याचं रडणं. कर्जाचा आकडा सांगायची गरजच उरत नाही. पुढच्याच वर्षी त्याच शांतारामांनी, आता दिग्दर्शक म्हणून, ‘कुंकू’ या बोलपटातून पार्श्वसंगीत काढून टाकलं. कुठं हळहळायचं हे सांगायला व्हायोलिन नाही, प्रसंगातलेच आवाज. आता बातम्यांची कुठलीही वाहिनी लावा, पाऊस पडल्याची बातमीसुद्धा रणवाद्यांशिवाय येत नाही.

पेंटरांनी झोपडी लांबून, लहान दाखवली आणि तिच्यावरचं ओझं दिसलं. फ्लेक्स माणूस मोठा करतो आणि त्याच्यामागचं झाकतो: छपाईचे पैसे कुणी दिले, परवानगी होती का, कुठल्या दुकानाची पाटी दडली. कसब तेच, कामाला लावलंय उलट्या दिशेनं. म्हणून फ्लेक्सबंदीपेक्षा मला फ्लेक्सवाचन जास्त गरजेचं वाटतं. बंदी आली तर तीच मंडळी तोच फोटो स्टेटसला लावतील.

नववीच्या मुलांना मराठीच्या एका तासाला चौकात न्यावं. प्रश्न दोनच. कॅमेरा कुठं ठेवलाय? आणि गेल्या वर्षी पट्टीत असलेला कोण यंदा गायब आहे? दुसऱ्याचं उत्तर पोरं सरांच्या आधी देतील.

– चौकस