बॉल सुटला ना, मग पळायचं होतं!

नववीत असताना विभागीय शालेय सॉफ्टबॉल स्पर्धेत मी दुसऱ्या बेसवर उभी होते. शेवटची इनिंग, आम्ही एका रनने मागे, एक आउट झालेला. पहिल्या बेसवर आमचीच एक मुलगी. बॅटरने मारलेला बॉल सरळ वर गेला आणि शॉर्टस्टॉपच्या डोक्यावर उतरायला लागला. आम्ही दोघी शिकवल्याप्रमाणे बेसला चिकटून राहिलो. बॉल तिच्या ग्लोव्हमधून सुटला. तिने उचलून तिसऱ्या बेसवर फेकला, तिथून दुसऱ्या बेसवर. दोन आउट. सामना संपला.

सॉफ्टबॉलमध्ये नेमका याच प्रसंगासाठी एक नियम आहे, इनफिल्ड फ्लाय. पहिला आणि दुसरा बेस भरलेला, किंवा तिन्ही भरलेले, दोनपेक्षा कमी आउट, आणि इनफिल्डमधली खेळाडू सहज झेलू शकेल असा उंच बॉल. अशा वेळी बॉल हवेत असतानाच अंपायरने ओरडायचं की बॅटर आउट. मग झेल पकडला काय, सुटला काय, बॅटर आउटच, आणि रनरवर पळायची सक्ती नाही. हा नियम नसेल तर फील्डर मुद्दाम झेल सोडेल आणि एकाऐवजी दोन आउट घेईल. म्हणजे आमचा एकच आउट जायला हवा होता आणि आणखी एक बॅटर खेळायला हवी होती.

आमचे सर धावत गेले. अंपायर शांतपणे म्हणाले, "बॉल सुटला ना? मग पळायचं होतं."

ते अंपायर कुठल्याशा शाळेचे क्रीडाशिक्षक होते. सकाळी त्यांनीच शेजारच्या मैदानावर खो-खोचे सामने घेतले होते, तीच शिट्टी गळ्यात होती. पुढची कित्येक वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की तो माणूस समोरच्या शाळेने फोडलेला होता. आता तसं वाटत नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांना क्रिकेट माहीत होतं, आणि क्रिकेटमध्ये झेल सुटला की पळतात. माझं भांडण त्यांच्याशी नाही, त्यांना तिथे उभं करणाऱ्या व्यवस्थेशी आहे. ती व्यवस्था आजही तशीच आहे, आणि 'मुलांचाच तर खेळ आहे' या एका वाक्यावर तगून आहे.

मुलांचाच खेळ, बरोबर. पण महाराष्ट्रात शालेय स्पर्धेच्या निकालाला काय काय जोडलेलं आहे ते बघा. दहावी-बारावीचे वाढीव गुण. राज्य सरकारच्या नोकऱ्यांमधलं खेळाडूंसाठीचं 5 टक्के आरक्षण. जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य, अशी एकेक पायरी चढली की प्रमाणपत्राचं वजन वाढतं. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या मुलीसाठी हे प्रमाणपत्र म्हणजे पोलिस भरतीचा किंवा तलाठी होण्याचा रस्ता असू शकतो. नोकरीच्या वेळी त्या प्रमाणपत्राची विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयाकडून रीतसर पडताळणी होते, कारण बोगस प्रमाणपत्रांची भीती असते. कागद, सही, शिक्का, स्पर्धेची नोंद, सगळं तपासतात. ज्या आउटमुळे एका टीमला तो कागद मिळाला आणि दुसरीला मिळाला नाही, तो आउट देणाऱ्याला खेळ येत होता का, हे तपासायचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

आणि आपण सगळं उलटं करून ठेवलंय. चांगले अंपायर राष्ट्रीय स्पर्धांना, कच्चे 14 वर्षांखालच्या पोरांना. खेळ समजून घेतला तर हे किती उफराटं आहे ते कळेल. मोठ्यांचा सामना तुलनेने स्वच्छ असतो. कॅचर बॉल सोडत नाही, फील्डर आपापल्या जागी असतात. लहान मुलींच्या सामन्यात दर दोन मिनिटांनी नियमांचं पुस्तक उघडावं लागेल अशी परिस्थिती येते. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटतो आणि पहिला बेस मोकळा असतो, म्हणजे बॅटर आउट झालेली नाही, ती पळू शकते. हे बॅटरला माहीत नसतं, कॅचरला माहीत नसतं, निदान अंपायरला तरी हवं ना? ओव्हरथ्रो मैदानाबाहेर जातो, रनरला किती बेस द्यायचे? बॉल हातात नसलेली फील्डर वाटेत उभी राहते. पिचरचा पाय चुकतो. मोठ्यांच्या अख्ख्या सामन्यात एखादवेळी दिसणाऱ्या गोष्टी इथे एका इनिंगमध्ये दिसतात.

स्ट्राइक झोनचंच घ्या. फास्टपिचमध्ये तो बॅटरच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंत. म्हणजे दर बॅटरगणिक बदलणारा. महिलांच्या मोठ्या सामन्यात पिचर 13.11 मीटरवरून टाकते, बॉल ताशी 100 किलोमीटरने आला तर अर्ध्या सेकंदाच्या आत प्लेटवर. लहान मुलींचा बॉल हळू येतो म्हणून काम सोपं वाटतं, प्रत्यक्षात ते जास्त फसवं असतं. बॉल कमान घेऊन येतो, प्लेटवरून गुडघ्याच्या किंचित वरून जातो आणि कॅचरपर्यंत पोचता पोचता जमिनीला टेकतो. हा स्ट्राइक आहे. न शिकलेला अंपायर बॉल प्लेटवर बघत नाही, ग्लोव्ह कुठे थांबला ते बघतो आणि 'बॉल' म्हणतो. शिवाय त्याच्या डोक्यात एकच ठरलेली खिडकी असते, सगळ्यांसाठी एका मापाची. टीममधल्या सगळ्यात बुटक्या मुलीच्या खांद्यावरून गेलेल्या बॉलला तो बेधडक स्ट्राइक देतो. ती मुलगी वर्षभर समजत राहते की आपल्याला बॅटिंग येत नाही. (ती मुलगी मी होते, हे वेगळं सांगायला नको.)

आता म्हणाल, पंच परीक्षा असते की. असते. नोकरीला लागल्यावर चार वर्षांनी, रविवारी काहीतरी करावं म्हणून, मी एका पंच शिबिराला गेले. कुठल्या ते सोडा. सकाळी सत्कार, मग नियम वाचून दाखवणं, पीपीटी, जेवण, दुपारी लेखी परीक्षा. मला उत्तम मार्क पडले. आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना आदल्या रात्री पाठ करून पास होण्याची सवय असतेच. त्या दिवसभरात मी एकदाही कॅचरच्या मागे वाकून उभी राहिले नाही. एकही बॉल पाहिला नाही. मैदान खिडकीतून दिसत होतं.

दोन आठवड्यांनी 14 वर्षांखालच्या मुलींचा सामना मिळाला, बेस अंपायर म्हणून. तिसऱ्या इनिंगमध्ये हिट गेली, रनर पहिल्या बेसवरून दुसऱ्याकडे निघाली, आणि पहिल्या बेसवरची फील्डर, हातात बॉल नसताना, तिच्या वाटेत. रनर अडखळली, दुसऱ्या बेसवर एका पावलाने टॅग झाली. मी जोरात हात वर केला, आउट! ती मुलगी रडली नाही. मातीतून उठून म्हणाली, "ताई, ती मधे उभी होती ना." ऑब्स्ट्रक्शन. डावा हात आडवा धरायचा, खेळ पूर्ण होऊ द्यायचा आणि रनरला तिचा बेस द्यायचा. परीक्षेत हा प्रश्न मी बरोबर सोडवला होता. मैदानावर मला ते दिसलंच नाही, कारण मी बॉल बघत होते. मी निर्णय बदलला नाही. न पाहिलेल्या गोष्टीवर बदलणार तरी कसा? 'बॉल सुटला ना, मग पळायचं होतं' म्हणणाऱ्या सरांच्या रांगेत मी त्या दिवशी जाऊन बसले.

सामन्यानंतर कुंपणाबाहेर बसलेले एक म्हातारे पंच माझ्याकडे आले. हातात शाळेची वही. म्हणाले, "बाळ, तू बॉल बघत राहतेस. हिट गेली की एक नजर बॉलकडे, मग रनरकडे. बॉल कुठे पळून जात नाही." मग म्हणाले, "आणि चालता चालता आउट देतेस. डोकं हलत असलं की डोळा खोटं बोलतो. थांब, बघ, मग हात वर कर." पहिल्या बेसवरच्या निर्णयासाठी त्यांनी मला थ्रोच्या रेषेला काटकोनात उभं केलं आणि सांगितलं की डोळे बेसवरच्या पायावर ठेव, बॉल ग्लोव्हमध्ये पडल्याचा आवाज कानाने ऐक. दोन्ही डोळ्यांनी बघायला गेलीस तर दोन्ही हुकतं. दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत मला जे मिळालं ते शिबिराच्या दिवसभरात मिळालं नव्हतं. आणि ते कुणीही सांगितलेलं नव्हतं त्यांना, ते हौसेने येऊन बसले होते.

ऑफिसात मी लिहिलेल्या कोडची एक ओळसुद्धा दुसऱ्या कुणीतरी पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. आणि ते कोड जाहिराती दाखवतं. इथे नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी एकट्याला सोडायचं, कुणी बघायला नाही, चुकलं तर सांगायला नाही, फक्त ओरडायला पन्नास पालक. तोच माणूस पाच वर्षांनी त्याच पाच चुका आत्मविश्वासाने करतो आणि त्याला 'अनुभवी पंच' म्हणतात.

मित्र म्हणतात, तू इंजिनिअर आहेस, एखादं ॲप बनव. डीआरएससारखं. अरे, डीआरएसला ठरलेल्या जागी बसवलेले कॅमेरे लागतात आणि ते चालवणारी माणसं लागतात. जिल्हा क्रीडा संकुलात होम प्लेटची पांढरी रेघ आखायला चुना मिळत नाही. पालकांच्या मोबाइलमधला, कुंपणाच्या जाळीतून घेतलेला, नको त्या कोनातला व्हिडिओ मी पुष्कळ पाहिला आहे. त्याने फक्त भांडण लांबतं.

दुसरा मुद्दा पैशांचा. माझं दिवसाचं मानधन पेट्रोलमध्ये गेलं, तेव्हा पैसे नाहीत हे मला मान्य आहे. पण मी मागतेय ते फार महाग नाही. दर मैदानावर एक जुना जाणता पंच, ज्याने सामना घ्यायचा नाही, फक्त वही घेऊन बसायचं आणि दोन सामन्यांच्या मधे नव्या पंचांशी बोलायचं. पंच परीक्षेतले निम्मे मार्क प्रत्यक्ष मैदानावरचे. आणि दरवर्षी 19 वर्षांखालच्या गटातून वयामुळे बाहेर पडणाऱ्या मुली. खेळ यांच्या अंगात आहे, इनफिल्ड फ्लाय यांना झोपेत कळतो, आणि आपण त्यांना 'आता खेळ पुरे' म्हणून घरी पाठवतो. मुलींच्या सामन्याला प्लेटमागे बाई उभी असलेली मी खेळत असताना एकदाही पाहिली नाही. अमेरिकेत गावोगावच्या लीगमध्ये शाळकरी वयाची मुलं आपल्याहून लहानांच्या सामन्यांना अंपायर म्हणून उभी राहतात. तिथेही पालक त्यांना इतकं बोलतात की अनेक जण सोडून जातात, ते सुख तिकडेही नाही. पण निदान सुरुवात कुठून करायची हे तिथे ठरलेलं आहे.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय. तेव्हा आपल्याकडे भाषणं होतील, नव्या जर्सी येतील, मैदानांची भूमिपूजनं होतील. पंचांचं नाव त्यात कुठे असेल असं वाटत नाही.

त्या मुलीची टीम पुढच्या रविवारी पुन्हा खेळली, दुसऱ्या मैदानावर, आणि मी मुद्दाम बघायला गेले. म्हाताऱ्या सरांनी पाठवलेली दोनशे पानी वही बरोबर होती, पहिल्या पानावर माझेच तीन दोष लिहिलेले. बेसवर एक नवा मुलगा होता, कॉलेजातला असावा, शिट्टी वाजवायच्या आधीच घामाघूम. दुसऱ्या इनिंगनंतर मी कुंपणापाशी जाऊन त्याला हाक मारली. तो आधी घाबरला, त्याला वाटलं मी कुणाची तरी आई आहे.