पावाच्या भट्टीचा हिशेब: महाऊर्जाला खुले पत्र

मा. महासंचालक, महाऊर्जा, पुणे यांस


मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. योग्यच केले. पाडकामातले, रंग-पॉलिश लागलेले लाकूड जळते तेव्हा त्याचा धूर शेजारच्या चाळीतली लेकरे गिळतात. पण न्यायालयाने ठरवले ते काय जाळायचे एवढेच. किती जाळायचे, हे पाहणे ऊर्जा संवर्धन कायद्याने राज्यात तुमच्यावर सोपवले आहे, आणि अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या बेकऱ्यांना आज नेमकी त्याचीच गरज आहे.

विटांच्या जुन्या भट्टीच्या जाड भिंती उष्णता धरून ठेवतात. कारागीर पहिल्या कडक तापात लादीपाव काढतो, ताप उतरू लागला की खारी आणि नानकटाई, अगदी शेवटी टोस्ट वाळवतो. एका जळणात इतका माल निघतो. तिच्या जागी येणाऱ्या गॅसच्या किंवा विजेच्या ट्रॉली ओव्हनमध्ये उष्णता अशी साठून राहत नाही. ट्रॉली अर्धी भरली तरी ओव्हन पूर्णच तापवावा लागतो. दार उघडले की गरम हवा निघून जाते, दाराचे रबर झिजले असेल तर बंद दारातूनही जाते. बर्नरला हवा जास्त मिळाली तर गॅसची उष्णता चिमणीवाटे आकाशात. ओव्हन नवा घेतला म्हणून बिल आपोआप उतरत नाही, आणि ते वाढले तर भुर्दंड वडापाव खाणाऱ्याला बसतो.

योजना आहेत. 2020 पासून केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान मिळते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने जुलै 2025 मध्ये आणलेल्या योजनेत सूक्ष्म व लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात 5 टक्के सवलत आहे आणि अन्नप्रक्रिया त्यात येते. पण दोन्हींची वाट बँकेतून जाते. पागडीच्या गाळ्यात, माळ्यावर कामगार झोपवून चालणाऱ्या बेकरीकडे तारण ठेवायला काय असते? विजेच्या ओव्हनसाठी वाढीव वीजभार हवा तर अंधेरीत खासगी कंपनीचे दार, मुलुंडमध्ये महावितरणचे. गॅसची वाहिनी गल्लीत आली नसेल तर सिलिंडर.

म्हणून माझी मागणी एकच आहे: एक किलो मैद्यामागे किती ऊर्जा लागली, हे तुमच्या कार्यक्रमाचे माप करा. विजेच्या एका युनिटात 860 किलोकॅलरी असतात, एक किलो सिलिंडरच्या गॅसमध्ये सुमारे 11 हजार. म्हणजे वीज आणि गॅस यांची तुलना एकाच वहीत करता येते. प्रत्येक उपनगरातल्या काही बेकऱ्या निवडा, तिथे गॅसचे मीटर आणि चिमणीचा तापमापक तुमच्या खर्चाने बसवा, महिनाभराच्या नोंदी बेकरीवाल्याच्या हाती मराठीत आणि हिंदीत द्या. बर्नर जुळवणे, रबर बदलणे, मालाचा क्रम लावणे ही स्वस्त कामे आधी होऊ द्या. मोजून सिद्ध झालेल्या बचतीवर थेट प्रोत्साहन द्या, म्हणजे तारण नसलेलाही त्यात येईल. आलेले आकडे सर्व बेकऱ्यांसाठी खुले ठेवा.

आणि मोजणारा माणूस पहाटे तीनला पाठवा. भट्टीचे खरे काम त्या वेळी चालते. कचेरीच्या वेळेत आलेल्याला निवलेला ओव्हन दिसेल आणि अहवालही तसाच होईल.

आपली विश्वासू,
घाटकोपरची एक रहिवासी