अंगणातला हौद

"साचलं पाणी म्हणजे डेंग्यू," अम्मींनी बजावलं. त्यांचं चुकीचं नव्हतं. तरी जूनमध्ये अंगणात दीड फूट खोल हौद पुरला आणि पावसाच्या पाण्याने भरू दिला.

पहिली चूक माझीच. जांभळ्या फुलांना भुलून नाल्यातली जलपर्णी आणली. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. महिनाभरात पाणी दिसेनासं झालं, सगळी उपसून वाळवली. आता कुंडीत पांढरी कुमुद आहे, तिला पाच-सहा तास ऊन हवं. काठाला वेखंड. कुंडीत नुसती चिकणमाती घाला. शेणखत घातलंत तर पाणी हिरवं होतं.

गप्पी मासे सोडले नाहीत, ते बेडकांची पिल्लंही खातात. डासांच्या अळ्या चतुराची पिल्लं संपवतात, पण ती यायला वेळ लागतो. तोवर दर चार दिवसांनी चहाची जुनी गाळणी फिरवायची, कारण अंड्याचा डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. एका बाजूला दगडांचा उतार रचा, नाहीतर पडलेला सरडा वर येऊ शकत नाही.

घरात दोन वर्षांचा पुतण्या आहे. एवढंसं पाणीही लेकराचा घात करतं. म्हणून हौदावर लोखंडी जाळी, तीही कुलूप लावून. दिसायला बरी नाही, पण अम्मींची तेवढीच अट होती. भोकं दोन बोटांची ठेवली आहेत, बेडकांना पुरतात.