गाडी बंद, ड्युटी चालू

पुणे–हैदराबाद महामार्ग सोलापुरातून जातो. विजयपूर आणि धुळ्याकडचे रस्तेही इथेच येऊन मिळतात. त्यामुळे ट्रक आणि ट्रकची दुरुस्ती हा या शहराचा रोजचा धंदा आहे. आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी घरं स्टिअरिंगवर नाहीतर पान्यावर चालतात. मुस्लिम कामगार कोणत्या धंद्यांत जास्त आहेत हे सच्चर समितीने २००६ साली सांगितलं, तेव्हा त्यात रस्ते वाहतूक आणि वाहनदुरुस्ती ही दोन्ही नावं होती. म्हणून एक साधा वाटणारा प्रश्न इथे मांडतो. गाडी दुरुस्तीला लागली असताना ड्रायव्हरचा जो वेळ जातो, तो कामाचा की आरामाचा?

बहुतेक मालकांचं उत्तर ठरलेलं असतं: चाक फिरलं तर काम, चाक थांबलं तर आराम. प्रत्यक्षात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. क्लच प्लेट जळते, गाडी रात्रभर गॅरेजबाहेर उभी राहते. ड्रायव्हर मिस्त्रीला हात देतो, टॉर्च धरतो, पार्ट आणायला धावतो, मालावर आणि डिझेलवर नजर ठेवतो. पहाटे इंजिन सुरू होतं आणि मालकाचा फोन येतो, ‘रात्रभर आराम झाला ना? आता दुपारपर्यंत माल पोचव.’

कायद्याचं उत्तर मात्र वेगळं आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ‘कामाचे तास’ म्हणजे काय ते सांगितलं. कामगार मालकाच्या दिमतीला असतो तो वेळ कामाचा. गाडीची देखभाल आणि दुरुस्ती, माल चढवणं-उतरवणं ही कामं गाडी चालवण्याच्या वेळेबाहेर केली तरी ‘पूरक काम’ म्हणून त्यात मोजायची. आराम कोणता, तर ज्या वेळात माणूस आपल्या मर्जीने काहीही करायला मोकळा असतो तो. याच कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, लांब पल्ल्यासाठी ती १० आणि ५४ पर्यंत वाढवण्याची मुभा दिली, आणि जादा कामाला दुप्पट मजुरी सांगितली.

अमेरिकेतला नियमही असाच आहे. बंद पडलेल्या गाडीची दुरुस्ती करणं, मदत मिळवणं, गाडीजवळ थांबून राहणं हे सगळं तिथे ड्युटीत धरतात. युरोपातल्या ट्रकमध्ये वेळ नोंदवणारं यंत्र असतं. त्यावर चालवण्यासाठी स्टिअरिंगचं, इतर कामासाठी हातोड्यांचं आणि आरामासाठी पलंगाचं चिन्ह असतं. गाडीखाली झोपून नट आवळणाऱ्याला पलंगाचं बटण दाबता येत नाही.

आपल्याकडे यंत्र नाही आणि वहीही नाही. त्यात फेरीवर पैसे ठरलेले, म्हणून तास मोजण्यात मालकाला रस नाही. शिवाय १९६१ चा कायदा ५ किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांनाच लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या नव्या संहितेत हा आकडा १० झाला. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडचा ड्रायव्हर तेव्हाही बाहेर होता, आता पाच-सात माणसं ठेवणाऱ्याकडचाही बाहेर गेला. हे छोटे मालक अनेकदा आपल्याच बिरादरीतले असतात, हे लपवून उपयोग नाही.

जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी चक्काजाम केला. अपघात करून पळणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली होती. त्या दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, शिक्षेवर चर्चा झाली आणि ते कलम तूर्त थांबलं. अपघाताआधीच्या रात्री ड्रायव्हर किती तास जागा होता, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. विचारला असता तरी दाखवायला कागद कुठे होता?

सोलापूरला कामाच्या तासांचा इतिहास आहे. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांच्या भोंग्यावर हे शहर उठायचं. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले हुतात्मा कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करायचे. भोंगा वाजला की पाळी संपली, हे मालकालाही नाकारता येत नसे. ट्रकला असा भोंगा नाही, तो आपल्याला लिहून काढावा लागेल.

तरुण मित्रांनो, हे काम आपल्या हातातलं आहे. घरात अब्बा, चाचा, मामू कुणी ड्रायव्हर असतील तर त्यांच्या मोबाइलमध्ये किंवा वहीत तीन रकाने आखून द्या: स्टिअरिंग, काम, आराम. दुरुस्तीच्या वेळी एकच प्रश्न विचारायचा. गाडी आणि माल दुसऱ्या कुणाच्या ताब्यात देऊन ते जेवायला, झोपायला, घरी जायला मोकळे होते का? असतील तर आराम लिहा, नसतील तर काम. मोकळ्या वेळाला खोटेपणाने काम लिहू नका, नाहीतर सगळ्या वहीचा भरवसा जाईल. गॅरेज चालवणाऱ्यांनी बिलावर गाडी आल्याची आणि गेल्याची वेळ टाकावी, ड्रायव्हर थांबला होता का तेही लिहावं. दोन ओळींचा खर्च आहे, पण मजुरीच्या भांडणात आणि कोर्टात तोच पुरावा ठरेल. आणि ज्यांच्या घरात मालक आहेत, त्यांनी रात्र जागलेल्या ड्रायव्हरला पहाटे गाडीवर बसवू नये. त्यासाठी कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.