टाळे उघडण्याच्या अटी

'टाळेबंदी' हा शब्द मराठी वाचकाला २०२० साली नव्याने शिकावा लागला नाही. लालबाग-परळच्या गिरणगावात 'संप' आणि 'टाळेबंदी' हे दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या जोडीने वावरत आले. कामगाराने काम थांबविले तर संप आणि मालकाने दरवाजाला कुलूप ठोकले तर टाळेबंदी, असा तो सरळ हिशेब होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने या टाळेबंदीची व्याख्या केली आणि ती केव्हा बेकायदा ठरते तेही सांगितले. ती उठविण्याचीही एक रीत रूढ झाली होती. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी समोरासमोर बसत. बंद काळातील पगाराचे काय, कामावर कोणाला आणि कोणत्या क्रमाने घ्यावयाचे, याच्या अटी ठरत आणि मग भोंगा वाजे. या अटी नेहमीच न्याय्य असत असे नव्हे, आणि १९८२ च्या संपानंतर तर कित्येक गिरण्यांचा भोंगा पुन्हा वाजलाच नाही. तरीही दरवाजा उघडण्यापूर्वी अटी ठराव्या लागतात, एवढे तत्त्व मालकालाही नाकारता येत नव्हते.

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि चार तासांनी ती अमलात आली. शब्द जुनाच राहिला. त्यामागची रीत मात्र गळून पडली. ज्यांना अधिकार होता त्यांनी बंद केले आणि त्यांनीच, त्यांना योग्य वाटले तेव्हा, थोडे थोडे उघडले. साथ नवी होती, रोगाची माहिती अपुरी होती, रुग्णालये तोकडी होती. तेव्हा आरंभीचे आदेश घाईने निघाले याबद्दल फार बोल लावता येणार नाही. प्रश्न बंद करण्याचा नाही, उघडण्याचा आहे. बंद करण्यास चार तास मिळाले होते. उघडण्याचा विचार करण्यास महिने मिळाले. त्या महिन्यांत जी चर्चा झाली ती कोठे चुकली, हे आज शांतपणे तपासता येते.

चर्चेची मांडणी 'जीव की जीविका' अशी झाली. एका बाजूला वैद्यकतज्ज्ञ आणि दुसऱ्या बाजूला व्यापारी व कारखानदार, आणि मध्ये तोल सांभाळणारे शासन, असे चित्र रंगविण्यात आले. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच वाद संपेना. परंतु दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली होती. टाळेबंदी ही सर्वांसाठी सारखीच आहे. उरला प्रश्न फक्त तारखेचा. हे गृहीतच खोटे होते. जुलै २०२० मध्ये मुंबई महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या भागांतील तीन प्रभागांत रक्ततपासणीची पाहणी केली. झोपडपट्टीतील ५७ टक्के नमुन्यांत या रोगाची प्रतिपिंडे आढळली. झोपडपट्टीबाहेरील वस्तीत हे प्रमाण १६ टक्के होते. एकाच प्रभागात, एकाच आदेशाखाली राहणाऱ्या लोकांत एवढे अंतर! ज्याला स्वतंत्र खोली होती त्याला टाळेबंदीने वाचविले. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि गल्लीच्या टोकाला सामाईक नळ व शौचालय, अशा ठिकाणी दाराला लावलेले टाळे रोगाला बाहेर ठेवू शकत नव्हते. तेव्हा 'लवकर की उशिरा' हा प्रश्न पुरेसा नव्हता. कोणासाठी आणि कोणत्या संरक्षणानिशी, हे विचारल्याखेरीज त्याचे उत्तर निघणार नव्हते.

हे जितके मुंबईच्या नोकरदाराच्या अनुभवास आले तितके क्वचितच कोणाच्या आले असेल. जून २०२० मध्ये राज्य शासनाने 'पुनश्च हरिओम' म्हणत निर्बंध शिथिल करण्यास सुरुवात केली. ८ जूनपासून खाजगी कचेऱ्यांना १० टक्के कर्मचाऱ्यांनिशी काम करण्याची मुभा मिळाली; सप्टेंबरपासून ती ३० टक्क्यांवर गेली. आदेश वाचणाऱ्यास हे सावध आणि समंजस धोरण वाटावे. परंतु मुंबईची कचेरी ही काही फोर्टातल्या किंवा अंधेरीतल्या इमारतीपुरती नसते. तिचे दुसरे टोक विरार, बदलापूर, टिटवाळा आणि पनवेल येथे असते, आणि ही दोन टोके लोकल गाडीने जोडलेली असतात. साथीपूर्वी या गाडीने रोज ७५ लाखांहून अधिक प्रवास होत असत. १५ जूनला ती सुरू झाली ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. जुलैपासून राष्ट्रीयीकृत बँकेतील कारकुनाला गाडीत बसता येत होते; त्याच्या शेजारच्या घरातील, एखाद्या खाजगी पेढीत हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाला येत नव्हते. दोघांचीही कचेरी उघडली होती, आणि साहेबाचा निरोप दोघांनाही आला होता.

मग या दुसऱ्याने काय केले? त्याने पहाटे उठून एस.टी.च्या रांगेत उभे राहणे पत्करले. डोंबिवली-कल्याणच्या रांगा आणि शिळफाट्याची वाहतूक-कोंडी यांत सकाळचे तीन तास आणि संध्याकाळचे तीन तास घालविले. गाडीत अंतर राखता येणार नाही म्हणून गाडी बंद ठेवली, आणि तीच माणसे बसच्या दारात लोंबकळली. जुलैमध्ये नालासोपाऱ्यात एस.टी.च्या फेऱ्या रद्द झाल्या, तेव्हा प्रवासी रेल्वेच्या रुळांवर उतरले. त्यांना बेशिस्त म्हणणे सोपे होते. कामावर न गेल्यास पगार कापला जाणार आणि जायला वाहन नाही, या दोहोंच्या कचाट्यात कोणती शिस्त शक्य होती, हे सांगणे मात्र कठीण आहे.

पुढची कथा तर अधिक उद्बोधक आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये महिलांना लोकलची परवानगी द्यावी असे राज्याने सुचविले. त्यावर रेल्वे आणि राज्य यांच्यात पत्रव्यवहार झडला. अखेर २१ ऑक्टोबरपासून परवानगी मिळाली. ती होती सकाळी ११ ते दुपारी ३ आणि सायंकाळी ७ नंतर! १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वसामान्यांना गाडी खुली झाली, ती पहिल्या गाडीपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. दहा ते सहाच्या कचेरीत काम करणाऱ्याने या वेळापत्रकाचे काय करावयाचे होते? गर्दी टाळण्यासाठी कचेऱ्यांच्याच वेळा बदलाव्यात, ही सूचना मुंबईत जुनी आहे. ती अमलात आणण्याची इतकी उत्तम संधी पुन्हा येणार नव्हती. कचेरीची वेळ बदलण्याऐवजी कचेरीत जाणाऱ्यालाच गाडीतून वगळण्यात आले.

त्यानंतर दुसरी लाट आली आणि तिचे खापर लोकल उघडण्यावर फोडण्यात आले. गर्दीने प्रसार वाढतो यात संशय नाही, आणि मुंबईतील रुग्णवाढीत लोकलचा वाटा असणे शक्य आहे. परंतु ती लाट प्रथम दिसली ती विदर्भात, आणि २२ फेब्रुवारीला पुन्हा टाळेबंदी करावी लागली ती अमरावतीत व अचलपुरात. अमरावतीत लोकल गाडी नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली. हा निकष तत्त्वतः रास्त होता. पण १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण राज्यात साठ्याअभावी मे महिन्यात थांबवावे लागले होते आणि ते जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झाले. त्यातच दोन मात्रांमधील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले होते. म्हणजे जूनअखेरीस पहिली मात्रा घेतलेला पंचविशीतील कारकून सप्टेंबर संपेपर्यंत गाडीत बसूच शकत नव्हता. लस शासनाने उशिरा दिली आणि उशिराची शिक्षा त्याला झाली.

शाळांचा क्रम पाहिला म्हणजे हाच दोष दुसऱ्या बाजूने दिसतो. महाराष्ट्रात उपाहारगृहे आणि मद्यालये ५ ऑक्टोबर २०२० रोजी उघडली. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग भरले ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, आणि पहिली-दुसरीच्या मुलांना डिसेंबर उजाडला. मुलांच्या जिवाची काळजी हे कारण खोटे नव्हते. पण उपाहारगृहांच्या मालकांच्या संघटना होत्या, त्यांच्याशी शासनाची चर्चा झाली. त्यांचा महसूल मोजता येत होता. दुसरीतल्या मुलाची संघटना नसते, आणि त्याचे वाचन किती मागे पडले ते कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. शिक्षकांची अवस्था याहून चमत्कारिक होती. शाळेत येणे त्यांच्या जिवाला धोक्याचे म्हणून शाळा बंद, आणि त्याच शिक्षकांची नेमणूक तपासणी-नाक्यांवर, शिधावाटप दुकानांवर आणि घरोघरच्या पाहणीत! महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचीही ओढाताण चुकली नाही. अंतिम वर्षाची परीक्षा घ्यावी असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे म्हणणे, घेऊ नये असे राज्याचे. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत मुलांना अभ्यास करावा की नाही हेच समजत नव्हते.

पगाराविषयी तर एक आदेश निघाला होता. टाळेबंदीच्या काळात वेतन न कापता द्यावे, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी सांगितले. मालक न्यायालयात गेले, मे महिन्याच्या मध्यावर आदेश मागे पडला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक व कामगारांनी वाटाघाटीने मार्ग काढावा असे सुचविले. गिरणगावाची जुनी रीत अशी अखेर परत आली. पण वाटाघाटी करावयास कामगार होता कोठे? तो तोवर गावी निघून गेला होता. ८ मे रोजी जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली सापडून मेले. त्याच आठवड्यात कर्नाटक शासनाने बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाल्यावर परप्रांतीय मजुरांच्या खास गाड्या रद्द करण्याची विनंती रेल्वेला केली होती, आणि टीका झाल्यावर ती फिरविली. काम सुरू व्हावयाचे म्हणून मजुराला जाऊ द्यावयाचे नाही, हा विचार अटी ठरविण्याच्या अगदी उलट टोकाचा होता.

या सर्वांच्या मुळाशी असलेला साथरोग कायदा १८९७ चा आहे. आदल्या वर्षी सप्टेंबरात डॉ. आकासियु व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा रुग्ण ओळखला, मुंबई ओस पडू लागली आणि सरकारने घाईघाईने चार-पाच कलमांचा कायदा केला. त्याने सरकारला वाटेल ते उपाय योजण्याचा अधिकार दिला, न जुमानणाऱ्यास शिक्षा सांगितली आणि अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना संरक्षण दिले. लोकांच्या बाबतीत सरकारचे कर्तव्य काय, उपाय केव्हा मागे घ्यावयाचे, बुडालेल्या मजुरीचे काय, याविषयी त्यात अक्षर नाही. पुण्यात त्या अधिकाराचा वापर कसा झाला आणि त्याची परिणती काय झाली, हे महाराष्ट्रास नव्याने सांगावयास नको. गंमत अशी की, तेव्हाच्या गिरणी-कामगाराच्या हाती निदान एक शस्त्र होते. तो शहर सोडून जाऊ शकत होता, आणि हजारो कामगार गेल्यामुळे उरलेल्यांना रोजच्या रोज मजुरी मोजणे मालकांना भाग पडले. सव्वाशे वर्षांनी कायदा तोच राहिला. निघून जाण्यासाठी गाडी मात्र राहिली नाही.

निकष आगाऊ सांगून निर्बंध उठविता येतात, हे राज्य शासनाने एकदा दाखविले होते. ७ जून २०२१ पासून जिल्ह्यांचे पाच स्तर करण्यात आले. चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांखाली आणि प्राणवायूच्या खाटांपैकी भरलेल्या २५ टक्क्यांखाली असतील तर पहिला स्तर, आणि मग चढत्या क्रमाने पाचवा. ही योजना जाहीर करताना एका मंत्र्याने घोषणा करावी आणि काही तासांत निर्णय झालेला नसल्याचा खुलासा व्हावा, हा गोंधळ सोडून देऊ. महत्त्वाचे हे की, नागरिकाला प्रथमच आकडे पाहून आपल्या जिल्ह्यात उद्या काय उघडेल याचा अंदाज बांधता आला. पण विषाणूच्या नव्या प्रकाराचे कारण देऊन २५ जूनला सर्व जिल्हे किमान तिसऱ्या स्तरावर आणण्यात आले. आकड्यांनी पहिल्या स्तरास पात्र ठरलेल्या मुंबईला त्याआधीच तिसऱ्यावर ठेवले होते. सावधगिरीचे कारण खरे असेल. तथापि तीन आठवड्यांत मोडावा लागतो तो निकष बनविताना सावधगिरीचा विचार झाला नव्हता असाच त्याचा अर्थ होतो.

१८९७ चा कायदा अपुरा असल्याचे विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील आपल्या २८६ व्या अहवालात सांगितले आहे, आणि साथीच्या काळातील कार्यपद्धतीचा आराखडा आधीच तयार असावा अशी शिफारसही केली आहे. त्या आराखड्यात बंद करण्याची प्रकरणे लिहिणारे पुष्कळ मिळतील. उघडण्याचे प्रकरण लिहिताना मात्र जिल्हा समितीत वैद्यक अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांच्याबरोबर कामगार, शिक्षक आणि प्रवासी यांच्या संघटनांनाही जागा द्यावी लागेल. आजारी पडलेल्यास आणि घरी रुग्ण असलेल्यास भरपगारी रजा मिळाल्याखेरीज कामाचे ठिकाण उघडता येणार नाही, असे स्पष्ट लिहावे लागेल. नाहीतर माणूस ताप लपवून कामावर येतो. शाळेचा क्रमांक मद्यालयाच्या आधी लागला पाहिजे. आणि मुंबईपुरते बोलायचे तर, कचेरी राज्याच्या आदेशाने उघडते आणि गाडी केंद्राच्या, हे पूर्वीही ठाऊक होते. कचेरी ८ जून २०२० ला उघडली आणि तिच्यात जाणाऱ्याला सकाळी नऊची गाडी मिळाली ती, तीही दोन मात्रा झाल्या असतील तर, १५ ऑगस्ट २०२१ ला. हे दोन आदेश एकाच कागदावर, राज्य आणि रेल्वे या दोघांच्या सहीने निघावेत, अशी तरतूद करण्यास नव्या साथीची वाट पाहावी लागत नाही.